मोगलाईच्या मागचे मंगोल

आमच्या आजीच्या तोंडी एक वाक्य कायम असे. कुणी न विचारता दुसऱ्याच्या ताटातलं उचललं, की ती म्हणे, “काय मोगलाई लागून गेलीय का?” तिचं माहेर मराठवाड्यातलं. त्यामुळे तिच्या बोलण्यात मोगलाईचा दुसरा, साधा अर्थही यायचा, तो म्हणजे निजामाचा मुलूख. अमक्याची सोयरीक मोगलाईत झाली, असं ती सहज सांगे.

या शब्दाचं बोट धरून मागे चालत गेलं, तर निजामावरून औरंगजेब, मग बाबर, मग तैमूर असं करत आपण मंगोलियातल्या ओनोन नदीच्या काठी जाऊन पोचतो. फारसीत मंगोलांना ‘मुघल’ म्हणत, त्याचं आपण मोगल केलं. आपला दारोगाही तिथलाच. जिंकलेल्या शहरात कर वसूल व्हावा आणि लोकांनी डोकं वर काढू नये म्हणून मंगोल जो अंमलदार बसवत, तो ‘दारुगा’. बहादूर म्हणजे त्याच गवताळ मुलखातला ‘बगातुर’, वीर. एकूण काय, मंगोल आपल्या अगदीच अनोळखी नाहीत. फक्त त्यांची गोष्ट आपण शाळेत चेंगीजखान, कत्तल आणि चार सनावळ्या एवढ्यावर उरकलेली असते.

कत्तली झाल्या, यात शंका नाही. पण क्रूरपणा हे काही उत्तर नव्हे. क्रूर राजांची जगाला कधी वाण नव्हती, त्यातल्या कितींनी साम्राज्य उभं केलं? खरं कोडं वेगळं आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला सगळे मंगोल मिळून सात ते दहा लाख असावेत, असा अंदाज आहे. म्हणजे आजच्या एखाद्या मध्यम शहराएवढे. या लोकांनी सत्तर वर्षांत कोरियापासून युक्रेनपर्यंत साधारण २ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर मुलूख ताब्यात आणला. आजच्या भारताच्या सातपट. आणि दुसरं कोडं असं, की हा विस्तार अजून चालूच होता तेव्हा, १२६० च्या आसपास, ते साम्राज्य आतून फुटलंही होतं.

मला स्वतःला ही दोन्ही कोडी एकाच जागी सुटतात असं वाटतं. चेंगीजखानानं टोळ्या मोडल्या, पण घराणं तसंच ठेवलं. साम्राज्य ही त्याच्या लेखी एकत्र कुटुंबाची मिळकत होती. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचं तिसऱ्या पिढीत काय होतं, हे मराठी माणसाला कुणी सांगायला नको.

एक मासा आणि एक पक्षी

चेंगीजखानाचं मूळ नाव तेमुजिन. जन्म ११६२ च्या सुमाराचा. बाप येसुगेई हा एका छोट्या टोळीचा म्होरक्या होता. तेमुजिन नऊ वर्षांचा असताना तातार टोळीवाल्यांनी येसुगेईला जेवणातून विष घातलं, असं मंगोलांच्या स्वतःच्या बखरीत लिहिलंय. बाप गेल्यावर भाऊबंदांनी विधवा होएलुन आणि तिच्या पोरांना माळावर सोडलं आणि आपली गुरं, तंबू घेऊन ते चालते झाले. होएलुननं रानकांदे, कंदमुळं, बोरांसारखी फळं गोळा करून पोरं जगवली.

याच दिवसांत तेमुजिन आणि त्याचा सख्खा भाऊ खासार यांनी गळ टाकून एक मासा धरला. बेख्तेर आणि बेलगुतेई या सावत्र भावांनी तो हिसकावून घेतला. आधी एकदा एक मारलेला पक्षीही त्यांनी असाच घेतला होता. तेमुजिन आईकडे तक्रार घेऊन गेला, तर ती म्हणाली, आधीच आपल्या सावलीखेरीज आपल्याला कुणी सोबती नाही, त्यात तुम्ही भांडता कसले? पोरं दार आपटावं तसा तंबूचा पडदा आपटून बाहेर पडली. बेख्तेर टेकाडावर घोडी राखत बसला होता. एकानं मागून, एकानं पुढून जाऊन त्याला बाणांनी मारलं.

एका माशापायी भाऊ मारला. ही गोष्ट बाहेरच्या शत्रूनं लिहिलेली नाही, ती मंगोलांनी आपल्या घराण्याच्या बखरीत स्वतःच लिहून ठेवली. पुढचं सगळं वाचताना मला हा मासा राहून राहून आठवतो.

पुढची वीसेक वर्षं भराभर सांगतो. तेमुजिनची बायको बोर्ते हिला मेर्कित टोळीनं पळवलं. बापाचा जुना मित्र तोगरुल आणि स्वतःचा मानलेला भाऊ जामुखा यांच्या मदतीनं त्यानं तिला सोडवून आणलं. मग कालांतरानं तोगरुलशीही युद्ध, जामुखाशीही युद्ध. तातार संपवले, केरैत आणि नैमान मोडले, आणि १२०६ मध्ये ओनोनच्या काठी भरलेल्या कुरुलताईत, म्हणजे सरदारांच्या बैठकीत, तो चेंगीजखान झाला.

दहाचा हिशेब

इथं त्यानं जे केलं, ते माझ्या मते त्याच्या कुठल्याही लढाईपेक्षा मोठं आहे. तोवर माळावरचा माणूस ओळखला जायचा तो टोळीनं. मी तातार, तू केरैत, तो नैमान. टोळीचा म्होरक्या रुसला की अख्खी टोळी उठून दुसऱ्या पक्षाला मिळे. सकाळी तुमच्या बाजूचे हजार लोक संध्याकाळी समोर उभे. तेमुजिननं हे लहानपणापासून भोगलं होतं.

त्यानं सगळ्या लोकांची मोजदाद लावून दहा-दहांच्या तुकड्या पाडल्या. दहा तुकड्यांचं एक शतक, दहा शतकांचं एक हजारी दल. अशी दहा हजारी दलं मिळून एक ‘तुमेन’, म्हणजे दहा हजार. (इराणी लोक आजही बाजारात ‘तुमान’मध्ये हिशेब करतात, तो शब्द हाच.) ही नुसती फौजेची रचना नव्हती. बायकापोरं, तंबू, गुरंढोरं सगळं त्या त्या हजारीत धरलेलं असे. हरलेल्या टोळ्यांची माणसं बहुतेक वेगवेगळ्या हजारींत विखरून टाकली. आपली तुकडी सोडून दुसरीत गेलात तर देहान्त. लढाईत दहापैकी काही पळाले तर दहाही जबाबदार.

एका पिढीत जुनी टोळी पुसली गेली. माणूस म्हणू लागला, मी अमक्याच्या हजारीतला. आणि हजारीचा अमुक कोण असावा, हे रक्तावर नाही तर कर्तबगारीवर ठरे. जेबे हा सेनापती आधी शत्रूच्या बाजूला होता, त्याच्या बाणानं चेंगीजखानाचा घोडा पडला होता. पकडल्यावर त्यानं सरळ कबूल केलं की बाण माझाच. चेंगीजनं त्याला ठेवून घेतलं आणि नाव दिलं जेबे, म्हणजे शस्त्र. सुबुताई तर कुठल्या राजघराण्याचा नव्हे, पण त्यानं चीनपासून हंगेरीपर्यंत मोहिमा चालवल्या.

मंगोल बखरीनुसार १२०६ मध्ये अशी ९५ हजारी दलं होती. चीनच्या तुलनेत हा आकडा किरकोळच.

पण प्रत्येक स्वार म्हणजे एक माणूस आणि तीन ते पाच घोडे. हे घोडे आकारानं लहान, दिसायला बेंगरूळ, पण बर्फ खुरांनी उकरून खालचं गवत खाणारे. दाणावैरणीचे तांडे मागे ओढावे लागत नसत. घोडा थकला की दुसऱ्यावर मांड टाकायची. भूक लागली तर घोडीचं दूध, वाळवलेलं मांस. हातात लाकूड, शिंग आणि जनावराच्या स्नायूंचे तंतू चिकटवून केलेलं आखूड धनुष्य, जे भरधाव घोड्यावरून मागे वळूनही सोडता येई. हिवाळा हा इतरांचा विसाव्याचा काळ, मंगोलांचा मोहिमेचा. रशियातल्या रियाझानवर ते १२३७ च्या डिसेंबरात चालून गेले, कारण तेव्हा नद्या गोठून त्यांचेच रस्ते होतात.

पळून जाण्याचं सोंग करून शत्रूला ओढत न्यायचं आणि मग उलटायचं, ही त्यांची आवडती चाल. आपल्याला लगेच गनिमी कावा म्हणायचा मोह होतो. साम्य आहे, पण गनिमी काव्याला पाठीशी डोंगर, खिंड आणि किल्ला लागतो. मंगोलांना लागायचं ते गवत. गवत संपलं की त्यांची फौज अडायची. झाडांच्या खोडातली वलयं तपासून अलीकडे असं दिसलंय, की १२११ ते १२२५ ही वर्षं मंगोलियात नेहमीपेक्षा ओलसर होती. पाऊस म्हणजे गवत, गवत म्हणजे घोडे. चेंगीजच्या मोठ्या मोहिमा नेमक्या याच वर्षांतल्या आहेत. अर्थात नुसत्या पावसानं साम्राज्य उगवत नसतं.

तटबंदीपुढं मात्र घोडा काय करणार? उत्तर चीनच्या जिन राजवटीवर १२११ पासून स्वाऱ्या सुरू झाल्या तेव्हा ही अडचण त्यांना फार जाचली. त्यावरचा उपाय त्यांनी स्वतःला बदलून शोधला नाही, माणसं मिळवून शोधला. शहर पडलं की कारागीर, यंत्रवाले, लेखनिक आधी बाजूला काढायचे. चिनी यंत्रवाले इराणच्या तटांवर दगड फेकायला नेले. पुढे चेंगीजचा नातू कुबलाई याच्या फौजेला चीनमधलं शियांगयांग काही केल्या पडेना, पाच वर्षं वेढा रेंगाळला, तेव्हा इराणातून दोन मुसलमान तंत्रज्ञ बोलावले. त्यांच्या वजनी यंत्रानं १२७३ मध्ये ते शहर पडलं. लिपी उइगुरांची, कारभारी खितान आणि इराणी, वैद्य कुठले, ज्योतिषी कुठले. मंगोलांचं स्वतःचं काय, तर या सगळ्यांना उचलून हव्या त्या जागी ठेवण्याची सवय. दहाच्या तुकड्यांत केलं तेच त्यांनी अख्ख्या आशियाच्या माणसांबाबत केलं.

साडेचारशे व्यापारी

१२१८ मध्ये ख्वारज्मच्या, म्हणजे मध्य आशियापासून इराणपर्यंत पसरलेल्या राज्याच्या, सरहद्दीवरच्या ओतरार गावी मंगोलांचा एक तांडा आला. साधारण ४५० व्यापारी आणि ५०० उंट. तिथल्या सुभेदारानं ते हेर ठरवले, माल जप्त केला आणि सगळ्यांना ठार केलं. त्यातला एक जण निसटला. चेंगीजखानानं आधी वकील पाठवून सुभेदाराला ताब्यात मागितलं. ख्वारज्मच्या शाह महंमदानं मुख्य वकील मारला आणि उरलेल्या दोघांच्या दाढ्या कापून परत धाडलं.

ते व्यापारी खरंच हेर होते का? थोडेफार असतीलही, त्या काळी व्यापारी आणि हेर यांच्यातली रेघ पुसटच होती. पण वकिलाला हात लावणं हा मंगोलांच्या लेखी अक्षम्य गुन्हा. १२२० मध्ये बुखारा आणि समरकंद पडलं, पुढच्या वर्षी मर्व, निशापूर, गुरगंज. शाह महंमद पळत पळत कॅस्पियन समुद्रातल्या एका बेटावर मेला. मर्वमध्ये तेरा लाखांवर माणसं मारली, असं जुवैनी हा इराणी इतिहासकार लिहितो. तो स्वतः मंगोलांच्याच चाकरीत होता. एवढी वस्ती त्या शहरात मावणं कठीण, त्यामुळे आजचे इतिहासकार हा आकडा अक्षरशः घेत नाहीत. पण खुरासानची ती शहरं पुन्हा पूर्वीसारखी वसली नाहीत, हेही खरं. शिवाय दहशत हा हिशेबाचा भाग होता. एका शहराची बातमी पुढच्या शहरात पोचली की तिथले दरवाजे आतून उघडत.

शाहचा मुलगा जलालुद्दीन लढत लढत सिंधूपर्यंत आला. १२२१ च्या नोव्हेंबरात तिथं शेवटची गाठ पडली. हरल्यावर त्यानं कड्यावरून घोड्यासकट नदीत उडी घातली. जुवैनी सांगतो, की चेंगीजखानानं बाण मारायला मनाई केली आणि आपल्या मुलांना म्हणाला, बापाला असा मुलगा असावा. दिल्लीच्या इल्तुतमिशनं जलालुद्दीनला आसरा द्यायचं टाळलं. शहाणपणाच केला म्हणायचा.

मुलांना ते वाक्य लागलं असेल का? कारण घरात तेव्हा वेगळंच पेटलं होतं.

थोरला कुणाचा?

बोर्तेला मेर्कितांकडून सोडवून आणल्यावर थोड्याच दिवसांत थोरला जोची जन्मला. तो तेमुजिनचा की मेर्किताचा, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नसे. चेंगीजनं त्याला कायम आपलाच मानलं. पण ख्वारज्मच्या मोहिमेआधी वारस ठरवायला बैठक बसली, तेव्हा दुसरा मुलगा चगताई भर सभेत म्हणाला, या मेर्किताच्या पोराच्या हुकमात आम्ही राहायचं का? दोघांनी एकमेकांच्या गळपट्ट्या धरल्या. तडजोड म्हणून तिसरा ओगेदेई वारस ठरला. मनमिळाऊ, सढळ हाताचा आणि दारूचा भारी शौकीन.

आपल्याकडे वतनात वडिलकीचा मान थोरल्याचा. मंगोलांत बापाचं मूळ घर, चूल आणि उरलेली मालमत्ता धाकट्याची. थोरले वयात आले की आपापला वाटा घेऊन लांब जायचे. १२२७ मध्ये चेंगीज वारला तेव्हा फौजेची वाटणी अशी झाली: एकूण १ लाख २९ हजारांपैकी १ लाख १ हजार एकट्या धाकट्या तोलुईकडे. गादी तिसऱ्याकडे, फौज चौथ्याकडे, आणि सगळ्यात लांबचा पश्चिमेचा मुलूख नुकत्याच वारलेल्या जोचीच्या मुलांकडे. वाटणीपत्रातच भांडण लिहून ठेवलेलं.

शिवाय मिळकत नकाशावर रेघ मारून वाटलीच नव्हती. प्रत्येक शाखेचा हिस्सा दुसऱ्याच्या मुलखातही असे. वोल्गाकाठी राहणाऱ्या बातूच्या, म्हणजे जोचीच्या घरातल्यांना चीनमधल्या पिंगयांगचं उत्पन्न जायचं. इराण घेणाऱ्या हुलागूचाही चीनमध्ये वाटा होता. पेशवाईत एकाच परगण्याच्या वसुलात दोन-तीन सरदारांचे हिस्से असत, तसंच काहीसं. यात सोय अशी, की सगळ्यांचा सगळ्यांत जीव अडकलेला राहतो. गैरसोयही तीच.

ओगेदेईच्या काळात हे निभलं, कारण मुलूख वाढत होता आणि वाटायला नवीन काहीतरी रोज मिळत होतं. उत्तर चीनची जिन राजवट १२३४ मध्ये संपली. एका मंगोल सरदाराचं म्हणणं पडलं होतं, की हे चिनी शेतकरी काही कामाचे नाहीत, यांना हुसकून सगळ्या शेतांचं कुरण करावं. येलू चुत्साई नावाच्या खितान कारभाऱ्यानं खानापुढं हिशेब मांडला. लोक जगू दिले आणि रीतसर कर बसवला तर दरसाल चांदी ५ लाख ल्यांग, रेशमाचे ८० हजार तागे आणि धान्याच्या ४ लाख गोणी मिळतील. खान म्हणाला, करून दाखव. त्यानं दाखवलं. इतिहासात दयेपेक्षा हिशेबानं जास्त लोक वाचले असतील, असं मला कधी कधी वाटतं.

याच काळातली यामची व्यवस्था म्हणजे डाकचौक्या. दिवसभराच्या मजलेवर एक चौकी, तिथं ताजे घोडे, चारा, जेवण. गळ्यात धातूची पट्टी अडकवलेला जासूद आला, की चांगला घोडा काढून द्यायचाच. ती पट्टी म्हणजे खानाचा परवाना. हळूहळू राजपुत्र आणि त्यांच्या ओळखीचे व्यापारी असल्या पट्ट्या खुशाल मिरवू लागले, आणि चौकीचा खर्च उचलणारी आसपासची गावं कंगाल झाली. तोलुईचा मुलगा मोंगके पुढे खान झाला, त्याला यावर निर्बंध घालावे लागले. सरकारी गाडीचा खासगी वापर किती जुना आहे बघा.

राजधानी काराकोरमचं एक दृश्य सांगण्यासारखं आहे. १२५४ मध्ये रुब्रुकचा विल्यम हा फ्रान्सिस्कन साधू तिथं होता. मोंगकेच्या महालात त्याला चांदीचं एक झाड दिसलं. बुंध्याशी चार चांदीचे सिंह, त्यांच्या तोंडातून घोडीचं दूध वाहायचं. वरून नळ्यांतून चार तऱ्हेची पेयं यायची, त्यांत द्राक्षाची दारू, मधाची दारू, तांदळाची दारू. शेंड्यावर कर्णा घेतलेला देवदूत. हे करणारा कारागीर पॅरिसचा सोनार गिय्योम, मंगोलांनी हंगेरीच्या स्वारीत पकडून आणलेला. त्यानं कर्णा भात्यानं वाजवायचा घाट घातला होता, पण हवा पुरेना. मग झाडाखालच्या पोकळीत एक माणूस बसवला. कोठीवाला ओरडला, की हा आतला माणूस नळीत फुंकर मारी, वर देवदूत कर्णा वाजवी, आणि तो आवाज ऐकून बाहेर तळघरातले नोकर पेयं ओतू लागत. पाहुण्यांना दिसायचं ते झाड.

पहिला पेला कुणाचा

रशिया आणि पूर्व युरोपच्या मोहिमेत (१२३६ ते १२४२) सगळ्या शाखांचे थोरले मुलगे एकत्र होते. नेता जोचीचा मुलगा बातू. मेजवानीत त्यानं वयाच्या मानानं पहिले पेले घेतले, त्यावरून ओगेदेईचा मुलगा गुयुक आणि चगताईचा नातू बुरी बिथरले आणि वाट्टेल ते बोलून उठून गेले. बातूनं काका ओगेदेईकडे तक्रार धाडली. इकडे एप्रिल १२४१ मध्ये दोन दिवसांच्या अंतरानं पोलंडमध्ये लेग्नित्साला आणि हंगेरीत मोहीला युरोपच्या फौजा कापल्या जात होत्या, आणि जिंकणाऱ्यांच्या घरात पेल्यावरून अबोला.

डिसेंबर १२४१ मध्ये ओगेदेई वारला आणि फौजा हंगेरीतून माघारी फिरल्या. युरोप एका मृत्यूमुळे वाचला, असं सर्रास सांगतात. हंगेरीचं गवत एवढ्या घोड्यांना पुरणारं नव्हतं, हेही कारण इतिहासकार मांडतात. मला दोन्ही पटतात.

नंतर ओगेदेईची विधवा तोरेगेने हिनं पाच वर्षं कारभार चालवला आणि १२४६ मध्ये मुलगा गुयुक याला गादीवर बसवलं. तो फौज घेऊन पश्चिमेला निघाला. बातूवरच निघालाय, हे ओळखून तोलुईची विधवा सोर्खाख्तानी हिनं बातूला गुपचूप निरोप पाठवला. गुयुक १२४८ मध्ये वाटेतच मेला. बातूनं उपकाराची फेड केली आणि त्याच्या पाठबळानं सोर्खाख्तानीचा मुलगा मोंगके १२५१ मध्ये खान झाला. लगेच ओगेदेई आणि चगताईच्या घरातल्यांची छाटणी झाली. गुयुकच्या विधवेला बुडवून मारलं. बेख्तेरसारखंच भाऊबंदांचं रक्त इथंही सांडलं.

मोंगकेनं भाऊ हुलागूला पश्चिमेला धाडलं. फेब्रुवारी १२५८ मध्ये बगदाद पडलं, पाचशे वर्षांची अब्बासी खिलाफत बुडाली. त्याच हुलागूनं दुसऱ्या वर्षी इराणात मराग्याला ज्योतिर्विद नसीरुद्दीन तुसीसाठी वेधशाळा बांधायला काढली. मग ऑगस्ट १२५९ मध्ये मोंगके चीनमध्ये एका डोंगरी किल्ल्याच्या वेढ्यात वारला, आणि मिळकत उघड्यावर पडली.

चीनमध्ये कुबलाई आणि काराकोरमला धाकटा अरिक बोके, दोन सख्ख्या भावांनी स्वतंत्र बैठका भरवून स्वतःला खान जाहीर केलं. चार वर्षं युद्ध चाललं. हुलागू बरीचशी फौज घेऊन मागे सरकला. मागे राहिलेल्या किताबुका या सेनापतीला सप्टेंबर १२६० मध्ये पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूतला इजिप्तच्या मामलुकांनी हरवलं. मामलुक कोण, तर गुलाम म्हणून विकले गेलेले सैनिक, आणि त्यांतले बरेचसे किपचाक तुर्क. मंगोलांनीच ज्यांचं माळरान उद्ध्वस्त केलं आणि ज्यांची पोरं बाजारात आली, तेच.

बातूचा भाऊ बेर्के मुसलमान झाला होता. कॉकेससची कुरणं आमच्या वाट्याची, ती हुलागूनं बळकावली, हे त्याचं दुखणं. बगदादच्या खलिफाच्या हत्येचा राग वर आणखी. १२६२ मध्ये चुलतभाऊ एकमेकांवर चालून गेले. पुढच्या जानेवारीत तेरेक नदीच्या बर्फावरून माघार घेताना बर्फ फुटला आणि हुलागूचे कित्येक स्वार बुडाले. बेर्केनं दोस्ती केली ती थेट मामलुकांशी.

यानंतर एक खान उरला तो नावापुरता. कुबलाईनं १२७१ मध्ये युआन घराणं स्थापून १२७९ पर्यंत सगळा चीन घेतला. इराणात हुलागूचं घराणं, म्हणजे इलखान, रशियाच्या माळावर जोचीच्या घराची सुवर्ण टोळी, मध्य आशियात चगताईचे वंशज. जपानवरच्या दोन स्वाऱ्या (१२७४, १२८१) आणि जावा, व्हिएतनाम यांचं काय झालं ते सांगत बसत नाही. समुद्रात आणि चिखलात घोड्याचं काम नाही, एवढं पुरे.

दिल्ली आणि देवगिरी

आपल्याकडे त्रास दिला तो चगताई शाखेनं. अल्लाउद्दीन खिलजीच्या वेळी १२९९ आणि १३०३ मध्ये ते दिल्लीच्या वेशीपर्यंत आले. १३०३ मध्ये तर सुलतान दिल्लीजवळच्या सिरीत खंदक खणून बसला होता. त्यानंतर त्यानं प्रचंड रोकडपगारी फौज ठेवली आणि तो पगार पुरावा म्हणून दिल्लीच्या बाजारात धान्य, कापड, घोडे सगळ्यांचे भाव बांधून टाकले. बरनी हा इतिहासकार याचं कारण स्पष्टच देतो, मंगोल. याच अल्लाउद्दीनला तख्तापर्यंत पोचवायला कामी आली ती १२९६ मध्ये देवगिरीच्या रामदेवराय यादवाकडून लुटून नेलेली संपत्ती. आपल्या यादवांचं सोनं आणि मंगोलांची धास्ती यांची गाठ अशी दिल्लीत पडते.

दुसरी गाठ पैशाची. कुबलाईनं चीनमध्ये तुतीच्या सालीच्या कागदाच्या नोटा सरसकट चालवल्या. १२९४ मध्ये इराणच्या इलखानानं तब्रीझमध्ये तसल्याच नोटा काढल्या, तर दुकानदारांनी दुकानं बंद केली आणि दोनेक महिन्यांत तो कागद मागे घ्यावा लागला. या प्रयोगांचा कित्ता गिरवत महंमद तुघलकानं १३३० च्या सुमारास चांदीच्या टंक्याच्या मोलाची तांब्या-पितळेची नाणी पाडली. त्यातली काही दौलताबादच्या टांकसाळीतली. मग घरोघरी टांकसाळी निघाल्या, हे आपण शाळेत शिकलोच. कुबलाईकडे नोट चालवायला जरब होती आणि कागद कुणालाही सहज बनवता येत नव्हता. तुघलकाच्या पितळेला तांबट आळीतला कुणीही पुरे.

इराणची शाखा १३३५ मध्ये वारसाविना संपली. चीनमधून १३६८ मध्ये मिंग घराण्यानं मंगोलांना उत्तरेला हाकललं. मॉस्कोनं १४८० मध्ये खंडणीचं जोखड झुगारलं. घराण्याचा दरारा मात्र सहजी गेला नाही. क्रिमियात चेंगीजचे वंशज १७८३ पर्यंत खान होते.

आणि तैमूर? त्यानं दिल्लीपासून अंकारापर्यंत फौजा फिरवल्या, पण तो चेंगीजच्या वंशातला नव्हता. त्यामुळे त्याला ‘खान’ म्हणवून घेता येईना. त्यानं चेंगीजवंशातलाच एक नामधारी खान गादीवर ठेवला आणि चेंगीजच्या घरातली मुलगी करून स्वतःला बिरूद लावलं ‘गुरगान’, म्हणजे खानाच्या घरचा जावई. अर्धा आशिया तुडवलेला माणूस मिरवायचा ते जावईपण.

बाबर याच तैमूरच्या पाचव्या पिढीतला, आणि आईकडून चगताईच्या वंशातला. त्याला मंगोलांचा मनस्वी तिटकारा होता. आपल्या आठवणींत त्यानं एक ओळ दिलीय, तिचा आशय असा, की मुघल जातीचे देवदूत असले तरी वाईटच. त्याचे वंशज दिल्लीत स्वतःला म्हणवत गुरगानी. जावयाचं घराणं. त्यांना मोगल म्हणत ते बाकीचे सगळे, आमच्या आजीसकट.